मालवणमधील किफायतशीर मुक्काम: पाच जणांच्या कुटुंबाने खोली कोठे आणि कशी ठरवावी?

येऊरवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाण्याचा आमचा विचार आहे. आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा, ७६ वर्षांचे वडील आणि ६८ वर्षांची आई असे पाच जण आहोत. ठाण्याहून रेल्वेने कुडाळला उतरायचे, तीन रात्री राहायचे आणि रेल्वेनेच परतायचे, एवढे ठरले आहे. स्वतःची गाडी नेणार नाही, कारण महामार्गावरचा इतका लांबचा प्रवास वडिलांना बसून झेपत नाही. रेल्वेची तिकिटे सोडून राहणे, जेवणखाण आणि तिथली हिंडफीर यांसाठी २२,००० रुपये बाजूला ठेवले आहेत आणि त्यापलीकडे जाण्याची तयारी नाही.

अडचण खोली निवडण्याची आहे. मोबाइलवर ‘मालवण’ असे शोधले की शेकडो खोल्या समोर येतात, पण नकाशा उघडून पाहिला तर एक तारकर्लीला, दुसरी देवबागच्या टोकाला आणि तिसरी थेट चौके गावात निघते. भाड्यांतही कोणताच मेळ लागत नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन खोल्यांच्या भाड्यात दुपटीचा फरक दिसतो आणि तो कशामुळे आहे, हे छायाचित्रांवरून कळत नाही. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने चढणे शक्य नाही. आईचा गुरुवार असतो. मुलाला मात्र समुद्र खिडकीतून दिसला पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे.

राहण्याचे ठिकाण नेमके कोणते निवडावे, दोन खोल्या घ्याव्यात की एक मोठी, वातानुकूलित खोलीची गरज आहे का आणि आगाऊ पैसे किती द्यावेत, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चिवलाकाठ

येऊरवासी, मी मालवणातच राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्याला बाहेरचे लोक सरसकट मालवण म्हणतात, ती खरे तर एक लांबलचक किनारपट्टी आहे. एसटी स्थानक, बाजारपेठ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या जिथून सुटतात ती जेटी, हे सगळे मूळ शहरात येते. शहराच्याच उत्तर अंगाला चिवला किनारा आहे. दक्षिणेकडे निघाले की वायरी लागते, मग सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, आणि त्याच्याही पुढे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी देवबागची चिंचोळी पट्टी संगमापर्यंत गेलेली आहे. तारकर्ली-देवबागचा किनारा सुंदर आहे, यात वादच नाही. परंतु ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे, त्यांच्यासाठी तो सोयीचा आहे. तुमच्यासारख्या, वडीलधारी माणसे सोबत असलेल्या आणि एसटी-रिक्षावर अवलंबून असलेल्या कुटुंबाने शहरात किंवा चिवल्यावर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री वडिलांना एखादी गोळी लागली तर औषधाचे दुकान जवळ असते, ग्रामीण रुग्णालय शहरातच आहे आणि सकाळी दुधाची पिशवी आणण्यासाठी रिक्षा करावी लागत नाही.

चिवल्याची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्यासोबत लहान मुलगा आहे. तिथे अजूनही रापण लागते. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकून येतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर दोन रांगांमध्ये उभी असलेली माणसे ओढत राहतात. सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकू लागतात, घारी आणि बगळे गोळा होतात आणि जाळ्याचा खोळ पाण्याबाहेर आला की वाळूवर सगळी चमचम उसळते. हे पाहण्यासाठी तिकीट नाही आणि वेळही ठरलेली नाही, म्हणूनच किनाऱ्यालगत राहणाऱ्यालाच ते सहज पाहता येते. रापणकऱ्यांना आदराने विचारले तर मुलाला दोराला हात लावू देतात. फक्त त्यांच्या कामात मध्ये येऊ नये आणि ओल्या जाळ्यावर पाय देऊ नये.

आता तारखांविषयी. भाऊबीज झाली की त्यापुढचा रविवार येईपर्यंत इथे पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी त्याच प्रमाणात चढतात. मुलाच्या शाळेची सुट्टी त्यानंतरही शिल्लक राहत असेल, तर रविवारी रात्री ठाण्याहून निघा आणि गुरुवारी रात्री परतीची गाडी धरा. सोमवार, मंगळवार आणि बुधवार या तीन रात्री भाड्याबाबत मोकळेपणाने बोलता येते. शनिवारच्या रात्रीसाठी कोणीही मालक सूट देणार नाही, आणि त्याने का द्यावी?

हिशेबवही

चिवलाकाठ यांच्या म्हणण्याला मी आकड्यांची जोड देतो. पुढील भाडी केवळ उदाहरणादाखल धरलेली आहेत. प्रत्यक्ष चौकशी करून त्यांच्या जागी खरे आकडे घालावेत.

समजा, शहरात खोलीचे भाडे २,००० रुपये आहे आणि देवबागमध्ये तशीच खोली १,७०० रुपयांना मिळते. दोन खोल्या आणि तीन रात्री धरल्या तर देवबागला १,८०० रुपये वाचतात. परंतु किल्ला, बाजार आणि एखादे बाहेरचे जेवण यांसाठी तीन वेळा शहरात यावे लागले आणि रिक्षाने एका बाजूला ३५० रुपये घेतले, तर जाण्यायेण्याचे २,१०० रुपये होतात. म्हणजे स्वस्त खोली प्रत्यक्षात ३०० रुपयांनी महाग पडते आणि वडिलांच्या गुडघ्यांना धक्के बसतात ते वेगळेच. खोलीचे भाडे पाहताना त्या खोलीपासून एसटी स्थानक आणि जेटी किती दूर आहे, हा आकडा भाड्याच्या शेजारी लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

एसटीचा तुम्हाला मोठा फायदा आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. नऊ वर्षांच्या मुलालाही अर्धे तिकीट लागते. म्हणजे वडिलांचे शून्य, आई, पत्नी आणि मुलगा यांचे प्रत्येकी अर्धे आणि तुमचे पूर्ण, असे पाच जणांचे मिळून अडीच तिकिटांत काम होते. वडिलांचे आधार कार्ड मात्र पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा, कारण वाहक वयाचा पुरावा पाहतो.

कराबाबतही एक बाब लक्षात घ्यावी. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के झाला आहे. कोणी अजून १२ टक्के लावून बिल दिले तर ते खपवून घेऊ नका. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे, अशा लहान घरगुती निवासांना नोंदणीच बंधनकारक नाही आणि नोंदणी नसलेल्या मालकाला कर आकारता येत नाही. तीच खोली एखाद्या संकेतस्थळामार्फत घेतली तर तो कर संकेतस्थळाला भरावा लागतो, त्यामुळे तो तुमच्या बिलात दिसतो. याशिवाय संकेतस्थळ मालकाकडून दलाली घेते. त्यामुळे तिथे खोली पाहून मग मालकाला थेट दूरध्वनी केल्यास भाडे बहुधा कमी होते.

दोन खोल्या की एक, याचे उत्तर मी दोन असेच देईन. वृद्ध माणसे पहाटे उठतात, मुले उशिरापर्यंत जागतात आणि पाच जणांमध्ये एकच न्हाणीघर असेल तर सकाळचे दोन तास रांगेतच जातात. दोन्ही खोल्या वातानुकूलित घेण्याची मात्र आवश्यकता नाही. दिवाळीच्या सुमारास कोकणात दुपारी दमट उकाडा असतो, म्हणून आईवडिलांची खोली वातानुकूलित घ्यावी आणि तुमची पंख्याची घ्यावी. दुपारी सगळ्यांनीच त्या खोलीत विसावा घेतला तरी चालतो.

देवबागची घरधनीण

मी देवबागला घराच्या आवारातच काही खोल्या चालवते. माझा व्यवसाय तिथला असूनही सांगते की या कुटुंबासाठी चिवलाकाठ दादांचा सल्ला योग्य आहे. आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना निवांतपणा आवडतो, पण गाडी नसेल तर ते दोन दिवसांत कंटाळतात.

मालकाशी बोलताना काय विचारावे, हे मात्र मी अधिकाराने सांगू शकते, कारण हे प्रश्न न विचारल्यामुळे होणारी कुरबूर मी रोज पाहते. सर्वांत आधी खोली तळमजल्यावर आहे का आणि तिच्यापर्यंत जाताना किती पायऱ्या आहेत, हे विचारा. ‘तळमजला’ म्हणून सांगितलेल्या कित्येक खोल्यांना उंच जोते असते आणि चार-पाच पायऱ्या, त्याही कठड्याशिवाय, चढाव्या लागतात. शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, न्हाणीघराच्या दाराशी उंच उंबरा आहे का आणि लादी ओली झाल्यावर घसरते का, हे विचारायला संकोच करू नका. गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळीच मिळते, तेही विचारा, कारण सौर बंबावर चालणाऱ्या घरात संध्याकाळी उशिरा पाणी कोमट येते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखा चालतो, वातानुकूलन यंत्र चालत नाही, ही गोष्ट पाहुण्यांना आधीच माहीत असलेली बरी. खिडक्यांना डासांची जाळी आहे का, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

किनारा किती दूर आहे, असे विचारले की प्रत्येक जण ‘दोन मिनिटांवर’ असे सांगतो. त्याऐवजी मालकाला खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत जाऊन त्याचे चलचित्र पाठवायला सांगा. ज्याचे घर खरोखर किनाऱ्यालगत आहे, तो आनंदाने पाठवतो. त्याच चलचित्रात रस्ता, पायऱ्या, अंगण आणि आजूबाजूचा परिसर आपोआप दिसतो.

तुमच्यासाठी सर्वांत कळीचा मुद्दा वेळेचा आहे. तुमची गाडी सकाळी कुडाळला येईल, पण आदल्या पाहुण्यांची खोली दहा-अकरापर्यंत रिकामी होत नाही आणि त्यानंतर ती झाडूनपुसून लावायला वेळ लागतो. रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या वडिलांना तोपर्यंत अंगणातल्या खुर्चीत बसवून ठेवणे योग्य नाही. म्हणून पोहोचताच निदान एक खोली मिळेल का, नाहीतर सामान ठेवून आंघोळ करता येईल का, हे आधी ठरवून घ्या. परतीच्या दिवशीही हीच बाब उलट्या बाजूने येते. सकाळी खोली सोडायची आणि गाडी रात्रीची, मग दिवसभर सामान कोठे ठेवायचे आणि वडिलांनी दुपारी कोठे आडवे व्हायचे? एकच खोली संध्याकाळपर्यंत निम्म्या भाड्यात ठेवून घेता येते. सुट्टीतला मधला वार असेल तर मालक सहसा नाही म्हणत नाहीत.

आगाऊ रकमेविषयी आम्हा मालकांचीही बाजू ऐकावी. काही पाहुणे तीन ठिकाणी खोल्या धरून ठेवतात आणि आयत्या वेळी एकीकडे जातात. बाकीच्या दोघांच्या खोल्या भर हंगामात रिकाम्या राहतात. त्यामुळे एका रात्रीचे भाडे आगाऊ मागणे रास्त आहे. सगळ्या मुक्कामाची रक्कम आधीच मागणाऱ्याला मात्र नम्रपणे नकार द्या. किती दिवस आधी रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, जेवणाचा दर काय, जादा गादीचे किती आणि लहान मुलाचे वेगळे काही आहे का, हे सगळे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. तोंडी बोलणे दोन्हीकडचे विसरतात.

पायवाट

देवबागच्या ताईंनी लिहिलेल्या चलचित्राच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे, आणि त्याचे कारण कटू आहे. माझ्या मेहुण्यांनी नकाशावर दिसलेल्या एका क्रमांकावर बोलून किनाऱ्यालगतच्या एका निवासाचे पैसे भरले. तिथे पोहोचल्यावर कळले की निवास खरा होता, पण तो क्रमांक आणि ते खाते मालकाचे नव्हते. छायाचित्रेसुद्धा त्या निवासाच्या खऱ्या पानावरून उचललेली होती.

म्हणून क्रमांक किमान दोन वेगळ्या ठिकाणी पडताळून पाहावा, दृक्‌श्राव्य कॉल करून खोली दाखवण्यास सांगावे आणि पैसे पाठवताना खात्यावरचे नाव मालकाने सांगितलेल्या नावाशी जुळते का, ते पाहावे. पैसे परत देतो असे सांगून कोणी क्यूआर कोड पाठवला किंवा पिन टाकायला सांगितले, तर ती फसवणूकच समजावी, कारण पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.

तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे. त्याचे आरक्षण महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. तशीच दिसणारी बनावट पाने आढळतात, त्यामुळे शोधयंत्रात वर आलेल्या पहिल्या दुव्यावर डोळे झाकून जाऊ नये. घरगुती निवास घ्यायचा असेल तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत त्या घराची नोंदणी आहे का, हेही विचारता येते.

रूळवाटा

खोलीची चर्चा उत्तम चालली आहे, पण खोली धरण्याआधी तिकीट हातात असले पाहिजे. दिवाळीत कोकण रेल्वेचे तिकीट मिळणे हे खोली मिळण्यापेक्षा कठीण असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजून तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि सकाळी आरक्षण सुरू होते त्याच वेळी बसा. परतीचे तिकीट जाण्याच्या तिकिटासोबत मिळणार नाही, कारण त्याची मुदत चार दिवसांनी उघडते; तोही दिवस लिहून ठेवा.

तुमच्यासाठी कोकणकन्या आणि तुतारी या दोन रात्रीच्या गाड्या सोयीच्या आहेत आणि दोन्ही कुडाळला थांबतात. तारखेचा घोळ होऊ देऊ नका. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, तर तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांनी सुटते. म्हणजे रविवारी रात्री जेवून घरातून निघायचे असेल तर कोकणकन्येचे तिकीट रविवारचे, पण तुतारीचे तिकीट सोमवारच्या तारखेचे काढावे लागते. तुतारीचे रविवारचे तिकीट काढून रविवारी रात्री स्थानकावर पोहोचलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते.

आईवडिलांचे तिकीट स्वतंत्र काढा. खालच्या बाकाचा राखीव कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी आहे आणि एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच तो लागू होतो. पाचही जण एकाच तिकिटावर घेतले तर संगणक त्या कोट्याचा विचारच करत नाही आणि वडिलांच्या वाट्याला मधला बाक येऊ शकतो. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बाक हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांना पूर्वी मिळणारी भाड्यातील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हेही अंदाजपत्रकात धरा.

कुडाळ रेल्वे स्थानकापासून एसटी स्थानक काही अंतरावर आहे. सामान आणि ज्येष्ठ सोबत असल्याने तेवढ्यापुरती रिक्षा करा आणि तिथून मालवणची एसटी धरा. मालवण तिथून सुमारे ३० किलोमीटर आहे. वडील फारच थकले असतील तर स्थानकावरून थेट मालवणपर्यंत रिक्षा किंवा मोटार करावी. त्या दिवशी तो खर्च व्यर्थ म्हणता येणार नाही.

सागरवेल

सर्वांचे प्रतिसाद वाचले, तरी थोडा वेगळा विचार मांडते. मालवणला जाऊन मुलाला तारकर्लीच्या वाळूवर मनसोक्त खेळू द्यायचे नसेल तर एवढा प्रवास कशासाठी? दोन रात्री शहरात आणि शेवटची एक रात्र तारकर्लीत, अशी विभागणी केली तर दोन्ही साधेल.

चिवलाकाठ

सागरवेल ताई, तुमची भावना मला समजते, पण तीन रात्रींच्या मुक्कामात खोली बदलणे ज्येष्ठांसाठी त्रासाचे असते. सामान बांधणे, खोली सोडणे, दुसरी खोली मिळेपर्यंत थांबणे यात एक अर्धा दिवस जातो. त्याऐवजी मंगळवारी सकाळी देवबागची एसटी धरून तारकर्लीला उतरावे, दुपारपर्यंत किनाऱ्यावर राहावे आणि तिथेच जेवून परतावे. शहरापासून हे अंतर इतके थोडे आहे की त्यासाठी वेगळा मुक्काम करण्याची गरज नाही. संगमावर जाण्यासाठी होडी घेतलीत तर भाडे संपूर्ण होडीचे आहे की माणशी, आणि किती वेळ फिरवणार, हे चढण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे.

येऊरवासी (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तारखा आता रविवार रात्र ते गुरुवार रात्र अशाच धरतो आणि राहणे चिवल्यालाच नक्की करतो.

दोन घरांशी बोललो आहे. पहिल्या घरात तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, पण त्या मागच्या बाजूला असल्याने तिथून समुद्र दिसत नाही. दुसऱ्या घरात वरच्या मजल्यावरून समुद्र समोर दिसतो, पण सोळा पायऱ्यांचा जिना आहे आणि भाडे प्रत्येक खोलीमागे ५०० रुपयांनी जास्त आहे. मुलगा दुसऱ्या घरासाठी हटून बसला आहे आणि वडील नातवासाठी ‘मी हळूहळू चढेन’ असे म्हणत आहेत. याशिवाय सिंधुदुर्ग किल्ला पाहण्याची वडिलांची फार वर्षांची इच्छा आहे. ते त्यांना कितपत झेपेल? आणि आईच्या गुरुवारचे काय करावे?

हिशेबवही

दोन खोल्या आणि तीन रात्री धरल्यास त्या दृश्याची किंमत ३,००० रुपये होते. तुमच्या एकूण रकमेत हा आकडा लहान नाही. किनारा दाराबाहेरच आहे आणि मुलगा दिवसभर वाळूवरच असणार आहे. पहिले घर घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून पोहोचण्याच्या दिवशी कुडाळहून मोटार करावी.

देवबागची घरधनीण

वडील नातवाच्या प्रेमापोटी चढेन म्हणतील, पण जिना दिवसातून एकदा चढायचा नसतो. चहाला खाली, जेवायला खाली, किनाऱ्यावर जाताना खाली, असे चार-पाच वेळा होते आणि दुसऱ्या दिवसापासून ते खोलीतून बाहेर पडण्याचेच टाळू लागतात. तळमजलाच घ्या.

गुरुवारची काळजी करू नका. शाकाहारी जेवण हवे, हे आदल्या रात्री सांगितले की घरगुती निवासात ते प्रेमाने केले जाते. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी मिळेल का, असे विचारा, सोबत सोलकढी असतेच. आईंचा कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर ते वेगळे सांगावे लागेल, कारण आमच्या वाटपात दोन्ही सहज पडतात. उपासाचे काही हवे असल्यास साबुदाणा आधी भिजवावा लागतो, म्हणून तेही आदल्या दिवशीच सांगा.

इतर दिवशी मासे खाताना एक पद्धत पाळावी. सुरमई, पापलेट आणि मोठी कोळंबी यांच्या थाळ्या महाग असतात. बांगडा, तारली, सौंदाळे आणि तिसऱ्या यांत चवीला काही कमी नसते आणि खर्च निम्म्याच्या आसपास येतो. ‘आज काय ताजे आले आहे?’ असे विचारून मगच थाळी सांगावी. काही घरांमध्ये तुम्ही बाजारातून आणलेले मासे करून देण्याचे वेगळे पैसे घेतात. पाच जणांसाठी तो मार्ग स्वस्त पडतो, मात्र घरातल्या बाईच्या सोयीने आणि सकाळीच विचारून.

चिवलाकाठ

किल्ल्याविषयी लिहितो, कारण वडिलांची इच्छा महत्त्वाची आहे.

पावसाळ्यात बंद असलेली होडीसेवा दिवाळीपर्यंत सुरू झालेली असते, तरी त्या दिवशी समुद्र खवळलेला असेल तर ती थांबवतात. त्यामुळे किल्ला शेवटच्या दिवसावर ठेवू नका. सोमवारी विश्रांती घेऊन मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा, म्हणजे एक दिवस हुकला तरी दुसरा हाताशी राहतो. मंगळवारी किल्ला झाला तर तारकर्ली बुधवारी करावी. सकाळी ऊन कमी असते आणि होडीसाठी रांगही लहान असते. चढता-उतरताना होडी हलते, तेव्हा वडिलांच्या पुढे एक आणि मागे एक असे दोघांनी राहावे. खलाशी हात देतात, त्यांना आधी सांगून ठेवावे.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू केले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे, त्यामुळे गर्दी वाढलेली आहे. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मुलाला तो आधी शोधायला सांगा. तटावर चढून फिरणे वडिलांना जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. दरवाजातून आत शिरल्यावर शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत रमतगमत चालता येते. चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, त्या वाटेत पाहता येतात. होडीवाले परतण्यासाठी साधारण तासाभराचा वेळ देतात. ज्येष्ठ सोबत असल्याचे सांगून पुढच्या फेरीने परत आलो तर चालेल का, हे निघतानाच विचारा. टोपी, पाणी आणि घट्ट बसणाऱ्या चपला सोबत असू द्या.

मुलाला पाण्याखाली नेण्याचा आग्रह किनाऱ्यावर कोणी केला तर घाई करू नका. वयाची अट काय, विमा आहे का, सोबत प्रशिक्षित माणूस किती मुलांमागे एक आहे, हे विचारा आणि जीवरक्षक जाकीट अंगावर नीट बसत नसेल तर सरळ नकार द्या. तळाशी न जाता जाकीट घालून पाण्याच्या पृष्ठभागावरून मासे पाहणे या वयाला पुरेसे आहे, आणि त्याचे पैसेही कमी पडतात. चिवल्यावर पोहताना भरतीची वेळ घरमालकाला विचारूनच मुलाला पाण्यात सोडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते.

येऊरवासी (धागाकर्ता)

तळमजल्याच्या दोन्ही खोल्या ठरवल्या. आईवडिलांची खोली वातानुकूलित आणि आमची साधी घेतली आहे. एका रात्रीचे भाडे आगाऊ दिले असून खात्यावरचे नाव जुळवून पाहिले. सोमवारी पोहोचताच एक खोली देण्याचे आणि गुरुवारी तीच खोली संध्याकाळपर्यंत निम्म्या भाड्यात ठेवण्याचे मालकांनी लेखी कळवले आहे. मुलगा रापणीचे वर्णन ऐकून तळमजल्याला तयार झाला. आता केवळ परतीच्या तिकिटाचा दिवस उघडायचा आहे.

रूळवाटा

परतीला कोकणकन्या धरलीत तर ती कुडाळला रात्री येते. मालवणहून शेवटच्या एसटीची वाट पाहू नका, त्याच्या आधीची धरा. गाडी उशिराने धावत असेल तरी फलाटावर बसून राहिलेले बरे.

देवबागची घरधनीण

निघण्याच्या आदल्या दिवशी मालकांना एकदा दूरध्वनी करा, गाडीचे नाव सांगा आणि गुरुवारच्या जेवणाची आठवण करून द्या. नोंदवहीसाठी प्रौढांची ओळखपत्रे मागतील. आधार द्यायचे असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत काढून आणा, नाहीतर मतदार ओळखपत्रही चालते. चादरी जादा लागतील का, तेही तेव्हाच सांगून टाका.